पेट्टीमामांचे तीन प्रश्न

पेट्टीमामा कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी दारातच थांबून ऐकायचे. माणसांचं नव्हे, सामानाचं. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर. मग मान डोलवून निकाल द्यायचे, "फ्रिज दोन कट्टैंत आहे. पंखा मात्र कुठल्याच कट्टैंत नाहीं. तेल घाला त्याला." कट्टै म्हणजे तिकडची पट्टी, गाणारा ज्या सुरावर सा धरतो ती. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो, त्या दिवशी ते वर आले. घरमालक आता नियम सांगणार म्हणून मी पदर सावरून भिंतीला टेकून उभी राहिले. ते मिक्सरकडे बोट करून म्हणाले, "हें जरा चालू करा बघूं." मी केला. त्यांनी डोळे मिटले. "साडेपांच! बायकांची पट्टी. चांगलं आहे. राहा सुखानें."

ते तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. आम्ही सांगली जिल्ह्यातले. यांचं सौकारपेटेत सोनंचांदी गाळण्याचं काम, मूस आणि भट्टीपुढे दिवस जाई. मला तमिळ येत नव्हतं आणि नवख्या माणसापुढे मराठीही फुटत नव्हती. पेट्टीमामांची मराठी जुनी होती. सगळं म्हणायचं तिथे ते अस्कं म्हणत, आणि शेवटी तमिळसारखा हेल काढत. पहिले काही दिवस मला ते निम्मंच समजायचं, तरी मी मान हलवायची. मान हलवायची मला सवय होती. चौथी झालेल्या बाईला शहरात राहायचं तर मान हलवता आली पाहिजे. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, सगळीकडे माझी मान आधी हलायची आणि अर्थ नंतर कधीतरी कळायचा, किंवा कळायचाच नाही.

पेट्टीमामा हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. ते नोकरीला होते बंदराच्या ऑफिसात, पण संध्याकाळी गवयांच्या मागे बसून श्रुतिपेट्टी चालवत. लाकडी पेटी, भाता हलवला की एकच सूर देत राहते. तिच्यात वाजवण्यासारखं काही नसतं, फक्त थांबायचं नसतं. त्यांची बायको गाणं शिकवायची, तिच्या मागेही मामाच बसत. ती गेली, आणि पुढे विजेवर चालणाऱ्या पेट्या आल्या, मग फोनमध्येच तंबोरा आला. मामांना बोलावणं येईनासं झालं. मी एकदा म्हटलं, "वाईट वाटलं असेल." ते म्हणाले, "स्टेजवर माझ्याकडे कोणी बघत नसे. पण मी थांबलों कीं अस्कं थांबे. तेवढं मला पुरे होतं." आणि मग हसून, "आतां वीज गेली कीं अस्कं थांबतें. आम्ही बरे होतों."

मी भांडी घासताना गुणगुणायची. माहेरी भजनात मी मागच्या रांगेत बसत असे, म्हणायची ते दुसऱ्यांच्या आवाजाच्या आडून. इथे आड कुणी नव्हतं म्हणून नळ सोडून म्हणायची. एकदा खालून खणखणीत आवाज आला, "सुमनम्मा, सुरुती पोच्चु!" सूर सुटला, असं त्याचं तमिळ. मी लाजेने नळ बंद केला आणि गाणंही. थोड्या वेळाने मामा जिन्यात उभे. "नळ कशाला बंद केलास? नळ सुरांत होता, तूच सुटलीस." मग त्यांनी माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. त्यात तंबोरा होता, ताल होता, आणि अगदी नवशिक्यांसाठी धडे होते. तमिळमध्ये, इंग्रजीत, आणि मराठीतही.

ते मराठी मामांनीच केलेलं होतं. खालच्या खोलीत त्यांचा लॅपटॉप श्रुतिपेट्टीच्या शेजारी असे, आणि जेवणानंतर ते त्यावर काम करत बसत. मला वाटायचं, पेन्शनीला जोड म्हणून काही नोकरी करत असतील. एकदा धीर करून विचारलं.

"कोणत्या कंपनीचं काम हे?"

"कोणाचंच नाहीं. जगांतलीं चार माणसं आपापल्या घरीं बसून करतात. कोणीही वापरावं, कोणीही आंत काय आहे तें उघडून बघावं, बदलावं."

"मग पगार?"

"नाहीं."

"मग करता कशाला?"

मामांनी उंबऱ्याकडे बोट केलं. सकाळी मी काढलेलं कोलम तिथे अर्धं पुसलं होतं. शेजारणीच्या दारातलं पाहून पाहून मी ठिपक्यांचं कोलम शिकले होते. "हें कशाला काढतेस? पगार कोण देतो? दुपारपर्यंत लोक तुडवतात. समोरची तुझं बघून उद्यां तिच्या दारांत काढते, एक पाकळी वाढवून. तूं भांडायला जातेस काय?"  त्यानंतर त्या लॅपटॉपची मला भीती वाटेनाशी झाली.

त्यांची स्वतःची सुरुवात तक्रारीने झाली होती. ॲपमधल्या तंबोऱ्याचा पंचम त्यांना किंचित उतरलेला वाटला. त्यांनी तिकडे लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, दुरुस्त करायला मदत कराल का? "भांडायला गेलों, तर त्यांनीं पाट मांडला," असं ते सांगायचे. तिथेच त्यांना तीन प्रश्नही मिळाले. काही बिघडलं की त्या लोकांना एवढंच सांगायचं असतं: तुम्ही काय केलंत, काय होईल असं वाटलं होतं, आणि काय झालं. मामांना ते इतके आवडले की ते सगळ्या जगाला विचारू लागले. माझा डोसा तव्याला चिकटला तरी जिन्यातून, "काय केलंस? काय होईल मणून वाटलं? काय झालं?" आमचे हे एकदा भट्टीवर हात भाजून घरी आले. मामांनी आधी मलम आणलं, मग तेच तीन प्रश्न. हे नंतर मला म्हणाले, "म्हातारा गमतीचा आहे. पण खरं सांगू? उत्तर देता देता माझी चूक मलाच कळली."

एकदा मी त्यांच्यासमोर ॲप उघडलं आणि पहिल्या धड्यावरच अडले. पुढे जायचं कुठून ते दिसेना. सवयीने मान हलवून म्हटलं, "कळलं, कळलं." मामांनी फोन माझ्या हातातच ठेवला. "नाहीं कळलं. आणि तें फार चांगलं झालं."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"हें बघ, सुमनम्मा. आम्हांला अस्कं येतें मणून आम्हांला खड्डा दिसत नाहीं. रोजच्या वाटेवरचा खड्डा पायाला पाठ होतो. नवीन माणूस पडला मणजे कळतें. तूं अडतेस तिथें सांग. तेंच पाहिजे आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी न कळलेलं मागत होतं. मी हळूहळू सांगू लागले. इथे कुठलं दाबायचं कळलं नाही. हा शब्द आमच्याकडे म्हणत नाहीत. हा धडा संपला की सुरू आहे ते समजलं नाही. मामा तीन प्रश्न विचारत आणि लिहून तिकडे पाठवत. माझं नाव घालू नका, अशी मी शपथच घातली होती. म्हणून ते लिहायचे, "आमच्या वरच्या मजल्यावरच्या एक बाई इथे अडल्या." काही महिन्यांनी एके दिवशी मामा हसत हसत जिना चढून आले. कुणा परदेशी माणसाने नवीन धडा करून लिहिलं होतं, "हा सगळ्यांसाठी खुला करण्याआधी वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवता येईल का?" मी तोंडाला पदर लावला. रात्री यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, आता तुझी परदेशात ओळख. आम्हाला जेवायला वाढशील ना?"

मामांना काचबिंदू होता. बघण्याच्या कडा आधीच गेल्या होत्या, मधलं तेवढं उरलं होतं, तेही आक्रसत चाललं होतं. लॅपटॉपला नाक लावून ते एकेक शब्द वाचत. एके दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. ॲपची नवी आवृत्ती यायची होती, आणि ज्या भाषेला सांभाळणारं माणूस नसेल ती त्यातून वगळणार होते. मामांनी प्रामाणिकपणे लिहून टाकलं होतं की माझे डोळे चालले, आता माझ्याच्याने होणार नाही. तमिळसाठी मदुरैचा एक तरुण लगेच पुढे आला. मराठीसाठी कुणी आलं नाही.

"जाऊ दे ना मामा," मी म्हटलं. "तुम्ही केलंत तेवढं केलंत."

ते बराच वेळ श्रुतिपेट्टीच्या झाकणावरून हात फिरवत राहिले. "आमच्या घरांतलीं मुलं मराठी विसरलीं. तंजावरलाही आणि इथेंही. माझी मुलगी मला अप्पा मणते आणि पुढचं अस्कं तमिळमध्यें. भांडण नाहीं माझं. पण गाण्याच्या पहिल्या धड्याला तरी आपली भाषा कानावर पडूं दे, एवढं तिच्या आईला वाटायचं. तेवढ्यासाठीं हें केलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूं लिही त्यांना. मी सांभाळतें मणून लिही."

"मी? माझी चौथी झालीय, मामा."

"त्यांनीं कितवी तें विचारलेलं नाहीं. सांभाळाल का, एवढंच विचारलंय."

"माझं नाव सगळ्या जगाला दिसेल."

"दिसूं दे. चोरीचं आहे काय?"

मी उठून वर आले. त्या आठवड्यात मी नळ सोडूनही गुणगुणले नाही. मामांनी पुन्हा विषय काढला नाही, तेच जास्त जड वाटत होतं.

सांभाळणाऱ्याचं नाव कळवायच्या मुदतीचा शेवटचा दिवस नेमका सरस्वतीपूजेचा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, सौकारपेटेतही त्या दिवशी चिमटे, तराजू आणि मूस हळदकुंकवात असतात. पण तिकडचा नेम कडक. पुस्तकं, वाद्यं, कामाची अवजारं एकदा पूजेत ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. मी प्रसादाला खाली गेले तर पाटावर मामींची वीणा, श्रुतिपेट्टी, गाण्याची पुस्तकं, आणि मधोमध लॅपटॉप. झाकणावर कुंकवाचं मोठं बोट, चारी कोपऱ्यांना चंदन, वर झेंडूचं फूल.

"मामा, आजच शेवटचा दिवस ना?"

"हो कीं."

"मग?"

"मग काय? सरस्वतीच्या अंगाखालून ओढून काढूं काय? चुरमुरे घे. गूळ घे."

दिवसभर माझ्याच जिवाला घोर. मामा निवांत. दुपारी त्यांचं घोरणं वरपर्यंत ऐकू येत होतं. संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला तसे ते ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्यांना सुंडल वाटू लागले. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मराठी आज जाणार आणि हा माणूस लोकांना हरभरे वाटतोय. राग आला मला. त्यांचा की माझा, ते तेव्हा कळलं नाही.

विजयादशमीला सकाळी लवकर हाक आली. पूजा उचलली होती. मामा लॅपटॉपच्या कडेशी चार्जरची पिन घेऊन चाचपडत होते. आदल्या दिवशी अंधुक डोळ्यांनी त्यांनी चंदनाचं बोट नेमकं चार्जरच्या भोकावर लावलं होतं. ते आत वाळून दगड झालं होतं, आणि बॅटरी संपलेली. मला बघून म्हणाले, "हसूं नकोस. काय केलं? चंदन लावलं. काय होईल मणून वाटलं? सरस्वती प्रसन्न होईल. काय झालं? पिन आंत जात नाहीं."

मी हसलेच. मग एकदम रडू आलं. "आता काय उपयोग मामा, काल संपला."

"इथें संपला. तिकडे अजून कालच आहे. त्यांची संध्याकाळ चालली आहे." ते शांतपणे म्हणाले. "मला ठाऊक होतं मणून तर झोपलों. पण आतां लॅपटॉप नाहीं, आणि फोनवरचीं अक्षरं मला दिसत नाहींत. तुझा फोन पूजेंत नव्हता."

त्यांनी ताटात तांदूळ पसरून ठेवले होते. विजयादशमीला लहान मुलांचं पहिलं अक्षर तांदळात गिरवून घेतात तसे. मला वाटलं शेजारचं कुणी मूल येणार असेल. मामांनी ताट माझ्याकडे सरकवलं. मी बोटाने श्री काढलं. वेलांटी जरा वाकडी आली. मामांना ती दिसली नाही, किंवा त्यांनी दाखवलं नाही.

मग फोनवर लिहिलं. माझ्या मुलीने मला तिकडचं खातं आधीच उघडून दिलं होतं, त्यात माझं नाव होतं, आजवर मी तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं ते असं: "मी सुमन. चेन्नईत राहते. माझी चौथी झाली आहे. मला गाण्यातलं आणि कॉम्प्युटरातलं फारसं कळत नाही. जिथे कळत नाही तिथे मी सांगेन. मराठी मी सांभाळते." मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सुरांत आहे. पाठव."

आम्ही कॉफी घेत होतो तेवढ्यात उत्तर आलं. मशीनने केलेलं वेडंवाकडं मराठी होतं, पण मला कळलं. "आपले स्वागत. आपण काय त्या वरच्या मजल्याच्या बाई आहात?"

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघांनी मिळून काम केलं. ते सांगत, मी लिही. मी सांगे, ते मान हलवत, खरीखुरी मान. मग घर बिल्डरकडे गेलं. आम्ही पेरंबूरला आलो आणि मामांना मुलगी म्हैसूरला घेऊन गेली. सेंट्रलवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. एव्हाना त्यांना माणसं आवाजानेच ओळखावी लागत. श्रुतिपेट्टी मांडीवर घट्ट धरली होती. यांनी गमतीने म्हटलं, "मामा, पेटी आमच्याकडे ठेवून जा की." ते म्हणाले, "छे! मला लागते ती. सुमनम्माला काय करायचीय? तिच्याकडे अस्कं आहे." गाडी हलली तसे खिडकीतून ओरडले, "ही गाडी कुठल्याच पट्टींत नाहीं!"

मध्ये बरेच दिवस गेले. एके दुपारी फोन आला. "सुमनम्मा, मी अडलों."

त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्यावर त्यांचं चालायचं. ॲपमध्ये तंबोरा सुरू करता येत होता, पण थांबवायला गेलं की फोन नुसता बटण, बटण म्हणे. कुठलं बटण ते सांगत नसे. मागे तंबोरा मोठ्याने चालला होता, मला इथे ऐकू येत होता.

"काय केलंत मामा?" मी विचारलं.

 ते इतके हसले की खोकला आला. "विचार, विचार. पुढचं पण विचार."

"काय होईल असं वाटलं होतं?"

"थांबेल मणून वाटलं."

"आणि काय झालं?"

"थांबत नाहीं, अम्मा. जावई वैतागलाय. मी आयुष्यभर थांबलों नाहीं, आतां हा पण थांबत नाहीं."

मी त्याच दिवशी लिहिलं. त्यांचं नाव घालू का विचारलं तर नको म्हणाले. मग मी लिहिलं, "आमच्या खालच्या मजल्यावरचे एक मामा इथे अडले आहेत. त्यांना दिसत नाही." तिकडच्या लोकांना ते कोण हे सांगावं लागलं नाही. त्यांनी काम लगेच हाती घेतलं, तरी नीट व्हायला वेळ लागला. दुरुस्ती झाल्याचं कळलं तेव्हा मी डोळे मिटून करून पाहिलं. बोट फिरवलं. फोन स्वच्छ मराठीत म्हणाला, "तंबोरा थांबवा." मी दाबलं आणि तो थांबला.

लगेच म्हैसूरला फोन लावला. मामा उचलतील असं वाटलं होतं. त्यांच्या मुलीने उचलला. अप्पा गेले, एवढंच ती तमिळमध्ये म्हणाली.